कुठली बाटली आधी संपली

"मॅडम, स्वीटवाली देऊ का? लेडीज तीच नेतात."

हे वाक्य मी गेल्या दहाबारा वर्षांत नाशकातल्या इतक्या वाईन शॉपमध्ये ऐकलंय की आता उत्तर द्यायचा पण कंटाळा येतो. गंगापूर रोडला ऐकलं, इंदिरानगरला ऐकलं, नाशिकरोडला तर पोऱ्याने मी तोंड उघडायच्या आधीच गोड पोर्ट वाईनची बाटली पेपरात गुंडाळायला घेतली होती आणि मी "ड्राय रेड दाखवा" म्हटल्यावर असा बघायला लागला की जसं काही मी त्याच्याकडे कुकरची शिट्टी मागितली. आणि गंमत बघा, पाटीवर हे मोठ्ठं 'वाईन्स' लिहिलेलं असतं, आत मात्र व्हिस्की, रम, बिअर, मग परत व्हिस्की, आणि वाईन कुठे तर समोरच्या काचेला लागून, उन्हात, धूळ खात उभी. देशाची वाईन कॅपिटल म्हणवणाऱ्या गावातली ही अवस्था.

तर हे सगळं लिहायचं कारण असं की दर महिन्यादोन महिन्यांनी कोणीतरी मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतंच, अगं तू पितेस ना वाईन, मग हजारच्या आत बरी रेड कुठली ते सांग. मी एक नाव सांगते. चार दिवसांनी मेसेज येतो, "कडू लागली गं". मग मी विचारते की कशाबरोबर प्यायलीस, तर म्हणे मिसळीबरोबर. किंवा कुठून घेतलीस, तर त्या काचेजवळच्या रांगेतून. किंवा कधी उघडलीस, तर मे महिन्यात दुपारी, कपाटातून काढून थेट. आता यात बिचाऱ्या वाईनचा काय दोष.

आधीच सांगते, मी कुठला कोर्सबिर्स केलेला नाही. अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते, आजीवन परवाना काढलेला आहे (हो, महाराष्ट्रात प्यायला पण परवाना लागतो, हसू नका), आणि आमच्या घरी शुक्रवारी आणि कधी रविवारी जेवणाबरोबर एक एक ग्लास होतो. रोजची रेड म्हणजे रोज प्यायची असं नाही हो, रोजच्या जेवणाबरोबर चालणारी, उघडताना पाहुणे बोलवावे लागत नाहीत ती. ५०० ते १,००० च्या मध्ये. त्याच्या वरच्या बाटल्या वाढदिवसाला, आणि त्यासुद्धा दुसऱ्याच्या. आणि "रेड वाईन हार्टला चांगली असते" हे कोणी सांगायला लागलं की मी विषय बदलते, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, तेव्हा औषध म्हणून पिऊ नका, आवडत असेल तरच प्या आणि थोडी प्या.

माझं आणि वाईनचं नातं खरं तर मामांमुळे. दिंडोरी तालुक्यात त्यांची बाग आहे. सुला ह्या वाईन कंपनीने गंगापूर धरणाजवळ वायनरी टाकली ती २००० सालातली, सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं २००१ ला, आणि त्यानंतर आमच्या पट्ट्यात जी लाट आली त्यात मामांनी पण दोन एकर वाईनची द्राक्षं लावली, एका कंपनीशी करार करून. मला आठवतंय, मी सुट्टीत गेले होते आणि मामी सगळ्यांना सांगत होती की हे वेडे झालेत, एवढाले बारके मणी, आत बिया, जाड साल, कोण खाणार. थॉमसनच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या खायच्या द्राक्षाच्या घडाशेजारी तो घड म्हणजे जांभळं चिकटवल्यासारखा दिसायचा. वर कंपनीचा माणूस येऊन सांगायचा की माल कमी धरा, एकरी निम्माच काढा, आणि मामांना ते काही केल्या पटायचं नाही, शेतकऱ्याला कमी पिकव सांगणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. पुढे २००९-१० च्या सुमारास मंदी आली, कंपनीने माल उचलला नाही, आणि मामांनी ती बाग कुऱ्हाडीने काढून परत थॉमसन लावली. मामा माळकरी आहेत. म्हणजे ज्या माणसाने चार-पाच वर्षं शिराझ, हे वाईनचं द्राक्ष, पिकवली त्याने आयुष्यात वाईनचा थेंब घेतलेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी ठरवलं की ह्या "कुठली चांगली" प्रश्नाचा एकदाचा निकाल लावायचा. पाच बाटल्या आणल्या. एक गोड पोर्ट, कारण त्या पोऱ्यांच्या मताचा मान ठेवायला हवा. एक नाशिकचीच कॅबरने-शिराझ, नव्या वर्षाची, सातपूरच्या बाजूच्या एका एसी दुकानातून घेतलेली. एक फ्राटेली कंपनीची सांजोवेझे, म्हणजे द्राक्ष इटलीचं पण बाग आपल्या अकलूजची, सोलापूर जिल्ह्यातली. एक ऑस्ट्रेलियन शिराझ, दुप्पट किमतीची, नवऱ्याच्या आग्रहाखातर. आणि पाचवी माझी खोडी, दुसऱ्या नंबरचीच वाईन, तीच कंपनी, लेबलवर तेच साल, पण काचेजवळ उन्हात उभ्या असलेल्या रांगेतली, मानेवर बोटभर धूळ असलेली. मी त्या दुकानदाराला विचारलं पण, ही कधीपासून आहे? म्हणाला "वाईन आहे मॅडम, जितकी जुनी तितकी भारी". हे वाक्य ज्याने पहिल्यांदा पसरवलं त्याने भारताचं फार नुकसान केलंय.

सगळ्या बाटल्यांना पेपर गुंडाळले, रबर लावले, स्केचपेनने एक ते पाच नंबर टाकले. पाहुणे म्हणजे नणंद आणि दाजी, आणि खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण. काचेचे ग्लास तीनच निघाले, म्हणून दाजींना आणि नवऱ्याला चहाचे काचेचे पेले. स्टीलचा पेला देऊ नका कोणाला, रंग दिसत नाही आणि वासाला पण मजा येत नाही, बाकी साधा काचेचा पेला चालतो, फक्त अर्ध्याच्या खाली भरायचा म्हणजे फिरवता येतं.

पहिली फेरी, प्रत्येकी दोन दोन घोट, कागदावर मार्क. मार्क काय आले असतील ओळखा. पोर्ट पहिली. दणदणीत. पाचातल्या तिघांनी एक नंबरला पैकीच्या पैकी दिले आणि दाजी म्हणाले की बघ, त्या पोऱ्याला कळतं तुझ्यापेक्षा जास्त.

आता यात नवल काहीच नाही. द्राक्षाच्या रसात यीस्ट साखर खाऊन त्याची अल्कोहोल करतं, साखर संपली की वाईन ड्राय झाली, ड्राय म्हणजे कडू नाही, आंबट नाही, फक्त गोड नाही, एवढंच. आपल्याकडे पोर्ट नावाने जी विकतात तिच्यात गोडवा ठेवलेला असतो, आणि पहिल्या घोटाला गोड नेहमीच जिंकतं, लग्नात पहिल्या घासाला जिलबी जिंकते तसंच. खऱ्या पोर्तुगालच्या पोर्टमध्ये आंबवणं अर्ध्यात थांबवायला द्राक्षाची ब्रँडी घालतात आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांपर्यंत जाते, तो वेगळाच प्रकार, जेवणानंतर एवढुशा ग्लासातून प्यायचा. इकडे लोक आपली ती गोड पोर्ट सरबतासारखी पितात आणि सकाळी डोकं धरून म्हणतात वाईन सोसत नाही.

मी काही बोलले नाही. जेवण मांडलं. नवऱ्याने काळ्या मसाल्याचं मटण केलं होतं, भाकरी, कांदा, आणि मध्ये कोंडाजीचा चिवडा, तो आमच्याकडे कशातही असतो. आणि सांगितलं की आता मार्कबिर्क विसरा, जी हवी ती घ्या. मग गप्पा सुरू झाल्या, दाजींच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीचं भांडण निघालं, मुलांच्या परीक्षा, आणि मी मधूनमधून फक्त बघत होते कोणाचा हात कुठल्या बाटलीकडे जातोय.

अकाउंट्सवालीला सवय असते ना, सेल्सवाले काय सांगतात ते ऐकायचं आणि मग गोडाऊनमध्ये जाऊन क्लोजिंग स्टॉक मोजायचा. तसं मी रात्री साडेदहाला मुलाची कंपासमधली पट्टी आणली आणि प्रत्येक बाटलीला लावली. पोर्ट भरपूर उरलेली. पहिल्या फेरीनंतर जवळजवळ कोणी हातच लावला नव्हता, अगदी ज्यांनी पैकीच्या पैकी दिले त्यांनीसुद्धा. दोन नंबर, साधी नाशिकची कॅबरने-शिराझ, तळाला एक बोट राहिली होती. तिला मार्क मिळाले होते तिसऱ्या क्रमांकाचे! सांजोवेझे अर्धी. ऑस्ट्रेलियन पण अर्धीच, म्हणजे दुप्पट पैसे देऊन तेवढाच खप. आणि पाच नंबर, तिची सख्खी जुळी बहीण दोन नंबर संपत आलेली असताना, ही जवळजवळ भरलेलीच.

बस, माझी टेस्टिंगची सगळी पद्धत हीच आहे. पहिल्या घोटाला काय वाटलं ते खोटं असू शकतं, बाटली किती उरली ते खोटं बोलत नाही. रोजच्या वाईनचं काम वाहवा मिळवणं नाही, जेवणाबरोबर गुपचूप संपणं आहे.

पण तरी विकत घेण्याआधी काहीतरी तर बघायला हवं ना, दुकानात पट्टी घेऊन कोण बसू देणार. तर सगळ्यात आधी साल. लेबलवर जे साल असतं ते द्राक्षं तोडल्याचं. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी, म्हणजे युरोपात सप्टेंबरच्या आसपास तोडतात तेव्हा आपली त्याच वर्षाची साधी वाईन बाटलीत जाऊन बसलेली पण असू शकते. हजारच्या आतल्या रेड ह्या ठेवायला केलेल्याच नसतात, लवकर प्यायला केलेल्या असतात, म्हणून मी मागच्या दोनएक वर्षांतलीच उचलते. पाच वर्षं जुनी स्वस्त रेड दिसली तर ती जपून ठेवलेली नसते, विकली गेलेली नसते.

मग दुकान. हे मला नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या आसपास जातो आणि काचेच्या मागे त्याहून जास्त. त्यात महिनाभर उभी राहिलेली बाटली म्हणजे वाफवलेली वाईन, फळाचा वास जातो आणि शिजवलेल्या मुरांब्यासारखं काहीतरी उरतं. बुचाची बाटली असेल तर बूच थोडं वर आलंय का बघा, मानेवरून चिकट ओघळ आलाय का बघा. स्क्रूचं झाकण असेल तर लोक नाक मुरडतात की ही हलकी वाईन, पण तसं काही नाही, उलट बुचामुळे कधीकधी जो ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो तो धोका स्क्रूला नाही. बाटलीच्या बुडाला खोल खड्डा आहे म्हणून वाईन भारी असंही नाही. आणि लेबलवर 'रिझर्व्ह' दिसलं की लगेच पाकीट काढू नका, स्पेनमध्ये रेझेर्वा लिहायला रेड किमान तीन वर्षं ठेवावी लागते आणि त्यातलं किमान एक वर्ष लाकडी पिंपात, सगळ्या देशांत असं नसतं.

दोन द्राक्षांची नावं असतील तर जे आधी लिहिलंय ते जास्त असतं. कॅबरने-शिराझ आणि शिराझ-कॅबरने ह्या दोन वेगळ्या वाईन आहेत, मला हे कळायला तीन वर्षं लागली. कॅबरने म्हणजे जरा ताठ, जीभ कोरडी करणारी, कच्ची असेल तर ढोबळी मिरचीचा वास मारणारी. ह्या कॅबरने सोव्हिन्योंचे आईबाप म्हणजे एक काळं द्राक्ष, कॅबरने फ्रां, आणि एक चक्क पांढरं, सोव्हिन्यों ब्लां, असं डीएनए तपासणीत निघालं, मला हे फार आवडतं, उगीचच. शिराझ मात्र आपल्या नाशिकला मानवलेली पोरगी, जांभूळ, काळी मिरी, तोंड भरून येणारी. फ्रेंच तिलाच सिरा म्हणतात, दोन नावं बघून गोंधळू नका. मला रोजच्यासाठी शिराझ जास्त असलेलीच आवडते, पण आमच्या नणंदबाईंना ताठ माणसं आवडतात, त्या कॅबरनेवाल्या.

आणि ते जीभ कोरडी होणं, ज्याला सगळे कडू कडू म्हणतात, ते टॅनिन. काळ्या द्राक्षाचा रस पण पांढुरकाच असतो, रंग सालीत असतो, म्हणून रेड बनवताना सालीबियांसकट आंबवतात आणि रंगाबरोबर टॅनिन पण उतरतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी ओढल्यासारखी होते, किंवा चहा फार उकळला की, तेच. ते वाईट नाही. मटणाच्या चरबीबरोबर तेच टॅनिन जीभ साफ करून देतं आणि पुढचा घास परत नवा लागतो. चिवड्यातल्या मिठाने पण ते मऊ होतं. पण झणझणीत तर्रीबरोबर नको! तिखट, टॅनिन आणि अल्कोहोल तिघं एकत्र आले की तोंडात आग लागते, आणि मग लोक म्हणतात वाईन कडू. मिसळीवर ताक प्या, पापडावर पाव किलो प्रेम करा, वाईन संध्याकाळी. सांजोवेझेला आंबटपणा बरा असतो म्हणून ती टोमॅटो असलेल्या कशाही बरोबर जाते, आमच्याकडे टोमॅटोच्या चटणी-भाकरीबरोबर जाते, इटलीतल्या आज्या बघतील तर काय म्हणतील माहीत नाही.

थंड करण्याचं पण सांगते कारण ह्यावर माझं घरी रोज भांडण होतं. रेड रूम टेम्परेचरला प्या असं जे म्हणतात ना, ते रूम नाशिकचं नाही. ते थंड देशातल्या दगडी घराचं, १६ ते १८ डिग्रीचं. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत जेव्हा दहाच्या खाली जातो तेव्हा आमचं पण रूम तसं होतं आणि तेव्हा काही करायची गरज नाही, पण एरवी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. नुसत्या अर्ध्या तासाने निम्म्या स्वस्त रेड सुधारतात, गरम रेडमध्ये फक्त अल्कोहोल नाकात जाते. उघडलेली बाटली पण झाकण लावून फ्रिजमध्येच, कपाटात नाही. मी तिसऱ्या दिवशी उरलेला ग्लास मुद्दाम चाखते, तिसऱ्या दिवशीही जी बरी लागते तिचे मी पुढच्या महिन्यात दोन नग आणते. चौथ्या दिवसानंतर मटणात.

तर त्या रविवारी. साधारण नऊला बेल वाजली आणि दारात मामा. हातात द्राक्षाचं क्रेट, काम होतं म्हणून शहरात आले होते, शेवटची गाडी चुकली. आणि आत टेबलावर पेपरात गुंडाळलेल्या पाच बाटल्या, पाच माणसं, कंपासपेटी. नवऱ्याने चपळाईने एक बाटली सोफ्यामागे घातली, बाकीच्या चार तशाच. मामांनी चपला काढल्या, टेबलाकडे बघितलं, आणि म्हणाले, "काय गं, पेपर कशाला गुंडाळलाय, थंडी वाजते का ह्यांना?"

मला वाटलं आता व्याख्यान. पण मी काय करतेय ते सांगितल्यावर त्यांना एकदम रस वाटायला लागला, म्हणजे माणूस म्हणून नाही, बागायतदार म्हणून. खुर्ची ओढून बसले. "मी घेणार नाही हां, पण वास दे बरं." माळेला हात लावून ती शर्टाच्या आत सरकवली आणि ग्लास नाकाखाली धरला, अगदी तसा जसा ते मोहोर आलेल्या आंब्याखाली उभे राहतात.

दोन नंबरचा वास घेतला, म्हणाले माल चांगला ऐन वेळेला तोडलाय. मला वाटलं उगीच बोलतायत. मग सोफ्यामागून पाच नंबर बाहेर काढली, तिचा ग्लास दिला. त्यांनी एकदा हुंगलं, परत हुंगलं, आणि ग्लास लांब धरला.

"ह्याला बेदाण्याचा वास येतोय."

"मामा, दोन्ही एकच आहेत. एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या."

"असतील. पण हा सावलीतला बेदाणा नाही, उन्हातला आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे बेदाणा शेडमध्ये, सावलीत वाळवतात म्हणून तो हिरवट राहतो, उन्हात टाकला की काळा पडतो आणि वास पण बदलतो. ज्या गोष्टीला मी वाफवलेली, शिजलेली असे शब्द शोधत बसले होते ती ह्या माणसाने थेंब न घेता एका वाक्यात सांगितली. दाजींनी पाच नंबरला पाचापैकी चार दिले होते, त्यांनी हळूच कागद फिरवून ठेवला.

मग काय, मामा दहा वाजेपर्यंत बसले. पोर्ट हुंगून म्हणाले हा तर खोकल्याच्या औषधासारखा. ऑस्ट्रेलियनचा लाकडाचा वास त्यांना ओळखू आला पण ते म्हणाले नवं फर्निचर केलंय का घरात. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला खरं तर भीतीच वाटत होती, "एका बाटलीला माल किती लागतो गं?" मी म्हटलं साधारण एक किलोच्या थोडा वर. "आणि बाटली केवढ्याची?" मी दोन नंबरची किंमत सांगितली. ते गप्प बसले. बोटांवर काहीतरी मोजलं. मी घाईघाईने सांगायला लागले की बाटली असते, बूच असतं, टॅक्स असतो, दुकानदार असतो, पिंपं असतात, आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी त्या कंपनीच्या माणसासारखी बोलतेय. मामा म्हणाले, "अगं मी कुठं काय म्हणतोय." आणि भाकरी मागितली.

सकाळी सहाला उठून बघते तर मामा आंघोळ करून, गंध लावून, सिंकपाशी उभे. रात्रीची मोकळी झालेली एक बाटली आणि मागच्या महिन्यातल्या गॅलरीत साठवलेल्या पाच अशा ओळीने मांडून ठेवलेल्या. मामीला काकवी भरायला पाहिजेत म्हणाले. त्यातल्या चार उचलल्या, सगळ्या स्क्रूवाल्या. बुचाच्या दोन बाजूला सारल्या, त्यात मुंग्या जातात म्हणे.

"ह्या चार दे. पण गरम पाण्याने धू दोनदा, वास राहायला नको, एकादशी आहे."